आबांसमोर दिलेलं उत्तर

बापासमोर तंबाखू मळायची नाही, हा आमच्या घरातला कायदा. खायचीच नाही असा नव्हे. फक्त समोर नाही. आबा गोठ्यात जाऊन मळायचे, मी चुलत्याच्या पडक्या भिंतीमागे, आणि दोघंही तोंड धुऊन, सज्जन होऊन घरात यायचो. मी शेहेचाळीस वर्षांचा झालो, पोरगी बारावीला गेली, डोक्यावरचे निम्मे केस गेले, तरी आबांच्या लेखी मी निर्व्यसनी होतो. निदान माझा तसा समज होता.

परवाच्या दिवाळीला आम्ही केदारखेड्याला, आबांकडे गेलो होतो. तिथं माझे साडू आले. साडू विम्याचे एजंट. फराळाच्या ताटावर बसल्याबसल्या त्यांनी मोबाइल काढला आणि माझ्या आरोग्य विम्याचा फॉर्म भरायला घेतला. त्यांना प्रश्न मनात वाचता येत नाहीत. सगळं मोठ्यानं.

"शुगर?"

"न्हाई."

"बीपी?"

"न्हाई."

"तंबाखू, गुटखा?"

आबा समोरच्या बाजेवर बसून चिवड्यातले शेंगदाणे वेचत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण वेचणं थांबलं. माझ्या पँटच्या मागच्या खिशात पुडी होती. बसलो होतो मी तिच्यावरच.

"बिलकुल न्हाई," मी म्हणालो. नुसतं 'न्हाई' म्हणालो असतो तरी चाललं असतं. 'बिलकुल' हा माझा आगाऊपणा.

साडूंनी बटण दाबलं. आबांनी पुढचा शेंगदाणा उचलला.

पॉलिसी हातात आल्यापासून माझी जीभ सुटली. मी राहतो बदनापूरला आणि जालन्यात बियाण्याच्या कंपनीत गोडाऊन सांभाळतो. सकाळी स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर आमचा दरबार भरतो. त्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक मास्तर माझे कायमचे विरोधी पक्ष. मास्तरांचं म्हणणं, शाळा जशी सगळ्यांची, तसाच दवाखाना सगळ्यांचा पाहिजे. आजारी पडायला कुणी पैसे भरून नंबर लावत नाही. माझं म्हणणं, ज्यानं त्यानं आपापला विमा काढावा, सरकारी कार्डानं लोक फुकटे होतात.

"तू स्वतः कमावतोस म्हणून बोलून राह्यला," मास्तर म्हणायचे. "जो रोजानं जातो त्यानं हप्ता कुठून भरायचा?"

"चहा कमी प्यावा," मी म्हणायचो. माझा तिसरा कप चालू असायचा.

नुसतं बोलून थांबलो असतो तर मी कसला. गावच्या रेशन कार्डावर आबांसोबत माझं, बायकोचं, पोरीचं नाव होतं. आता आपण विमेदार माणूस, फुकट्यांच्या यादीत कशाला राहायचं, म्हणून तिघांची नावं कमी करण्याचा अर्ज मी सुंदर अक्षरात लिहिला, सही ठोकली आणि तहसीलला द्यायला आबांच्या हाती दिला. आबांनी घडी करून बंडीच्या खिशात घातला. विषय संपला. टपरीवर मात्र मी तो महिनाभर पुरवला.

मंग एका मंगळवारी गोडाऊनमध्ये कापसाच्या बियाण्याच्या पेट्या मोजता मोजता डावा हात जड झाला. मी त्याचं निदान 'गॅस' असं केलं, ओवा खाल्ला आणि ओव्याची चव घालवायला वर चिमूटभर तंबाखू सोडली. पाच मिनिटांत मी पेट्यांवर आडवा. पोरांनी रिक्षात घालून जालन्यातल्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथं रात्री मी शुद्धीवर आलो तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची एक नळी जवळजवळ बंद आहे, स्प्रिंग टाकावी लागेल, दोन दिवसांच्या आत. बायको रडायला लागली. मी ऐटीत म्हणालो, "रडू नको. आपली पॉलिसी हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको काउंटरवरून परत आली तेव्हा रडत नव्हती. त्यानं मी जास्त घाबरलो. तिनं कागद माझ्यासमोर धरला. कंपनीनं नकार कळवला होता: अर्जदाराने तंबाखूचे व्यसन लपवले. पुरावा म्हणून दवाखान्याचाच केस पेपर. त्यावर लिहिलं होतं, तंबाखू, पंचवीस वर्षांपासून. आणि खाली, माहिती देणारा: वडील.

मी तो शब्द तीनदा वाचला. छातीला चिकटवलेल्या वायरींचं मशीन जोरात टिंटिं करायला लागलं, नर्स धावत आली. बंद नळीचा धक्का मला एवढा बसला नव्हता.

साडूंना फोन लावला.

"अहो, तुम्ही न्हाई म्हणलात म्हणून मी न्हाई टाकलं."

"आबा समोर बसले होते ना!"

"ते मला दिसत होतं हो साडूभाऊ. कंपनीला कुठं दिसतं?"

पुढं अपील करू, पत्र लिहू, असं बरंच काही ते बोलले. पण अपिलाला महिना लागणार होता आणि माझ्या नळीकडे दीड दिवस होता. स्प्रिंगचा खर्चा ऐकून बायकोनं गळ्यातल्या पोतीला हात लावला, तो तसाच राहिला.

आबा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. आदल्या संध्याकाळी जीपनं आल्ते, तेव्हापासून घरी गेले नव्हते. मी त्यांच्याकडे न बघता विचारलं, "आबा, डॉक्टरला तुम्ही सांगितलं?"

"तू शुद्धीत नव्हता. तो इचारत होता. डाक्टरला खोटं सांगून मारू का तुला?"

"पण तुम्हाला माहीत कसं?"

आबा भिंतीकडे बघत म्हणाले, "माझी पुडी संपल्यावर मी कोणाच्या खिशातून घेत होतो?"

कित्येक वर्षं मी समजत होतो की गावी गेल्यावर पुडी हलकी होते ती बायको फेकते म्हणून. त्यावरून तिच्याशी भांडलोही होतो. बायकोनं त्याही अवस्थेत माझ्याकडे असं पाहिलं की मी चादर नाकापर्यंत ओढली.

तेवढ्यात मास्तर आले. सगळं ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "रेशन कार्ड?" या दवाखान्यात सरकारी योजना चालते, ही स्प्रिंग तिच्यात बसते, फक्त कार्डावर नाव पाहिजे.

मी डोळे मिटले. सुंदर अक्षरातला तो अर्ज डोळ्यांपुढे उभा राहिला. "नाव मीच काढलंय," मी पुटपुटलो.

आबांनी पिशवी उघडली. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं रेशन कार्ड काढलं आणि त्याच्या आतून माझा अर्ज, तेलाचे डाग पडलेला, तीच घडी.

"दिला न्हाई तुम्ही?"

"कार्डावरून नाव माणूस मेल्यावर काटतात," आबा म्हणाले. "जित्याचं कसं काटू?"

मग मास्तरांनी खुर्ची ओढली. "काय मंग, फुकट्या?" ते म्हणाले. मी हसायला गेलो, छातीत कळ आली. ते गंभीर झाले. "तुझा अर्ज आबांनी दाबला म्हणून निभावलं. ज्याचा कागदच न्हाई, न्हाईतर ज्याचा आजार यादीत बसत न्हाई, त्यानं काय करायचं?" मी आबांच्या हातातला तो अर्ज घेतला आणि उशीखाली सारला.

संध्याकाळी योजनेच्या टेबलावरची मुलगी फॉर्म घेऊन खाटेशीच आली. कार्ड पाहिलं, आधार पाहिलं, नावं जुळवली. मग ती एकेक प्रश्न विचारायला लागली. तिलाही मनात वाचता येत नव्हतं.

"शुगर?"

"न्हाई."

"बीपी?"

"आता हाय म्हणतात."

पुढचा प्रश्न कोणता, ते मला ठाऊक होतं. आबा माझ्या उशाशी स्टुलावर बसलेले. केस पेपरवर सगळं छापून झालं होतं, अख्ख्या वॉर्डाला माहीत झालं होतं. तरी माझं ऑपरेशन त्या एका शब्दावर अडलं होतं आणि तो माझ्या तोंडून निघत नव्हता.

"तंबाखू, गुटखा?" मुलीनं विचारलं.

आबा उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. "मी जरा पाणी पिऊन येतो," म्हणाले. पाण्याची भरलेली बाटली माझ्या खाटेवरच होती.

ते दारातून बाहेर पडून दिसेनासे होईपर्यंत मी थांबलो. मुलगी पेन धरून वाट पाहत होती.

"हाय," मी म्हणालो. "पंचवीस वर्षांपासून."