शेनिनच्या चार बाटल्या आणि शिरपूरकडची विहीर

वाशीमला फिरायला कोण जातं, असं मला तिघांनी विचारलं. वाईन घेऊन कोण जातं, असं चौथ्याने विचारलं. त्याला मी उत्तर दिलं नाही, कारण तेव्हा चार बाटल्या माझ्या गाडीच्या डिकीत, माझ्याच स्वेटरांमध्ये गुंडाळलेल्या होत्या.

बाटल्या प्रज्ञाच्या. आम्ही दोघी नाशिकजवळच्या एका वायनरीत कामाला आहोत. मी काउंटरवर पाहुण्यांना वाईन चाखवते आणि भरपूर बोलते. ती आत टाक्यांपाशी वाईन बनवते आणि कमी बोलते. यंदा तिने शेनिन ब्लांक या एकाच पांढऱ्या द्राक्षापासून, तेही एकाच मळ्यातल्या, चार तऱ्हेच्या वाईन केल्या. मालक खूश झाले आणि लेबलावर तिचं नाव छापायचं ठरलं. या चार बाटल्यांवर तशी नमुन्याची लेबलं चिकटवलेली होती.

पंचाईत इथेच झाली. तिचे बाबा, सुखदेवकाका, वाशीम जिल्ह्यातल्या त्यांच्या गावच्या विहारात वंदना घेतात आणि पंचशील काटेकोर पाळतात. पाचवं शील म्हणजे नशा करायची नाही. पोरगी द्राक्षाच्या कंपनीत तपासणीचं काम करते, एवढंच ते गावाला सांगत, कारण प्रज्ञाने त्यांना तेवढंच सांगितलं होतं.

"बाबा नाही म्हणाले तर नाव काढायला सांगणार," ती म्हणाली. गंमत करत नव्हती. म्हणून डिसेंबरात, द्राक्षाचा हंगाम सुरू व्हायच्या आत, आम्ही निघालो.

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. समृद्धी महामार्ग झकास आहे, पण सरळ इतका की डोळा लागतो, त्यामुळे शेजारी बडबड करणारं माणूस बसवा. माझ्या शेजारी प्रज्ञा होती, तेव्हा बडबड मीच केली. दुसरं, नकाशात मालेगाव टाकताना पुढे जहांगीर लिहायला विसरू नका, नाहीतर नाशिक जिल्ह्यातल्याच मालेगावात चहा प्यावा लागेल. टोल दणकून बसतो. खाणं घरून न्या.

मालेगावला महामार्ग सोडला की दोन्ही बाजूंना तूर. शेंगांनी लगडलेली, माणसापेक्षा उंच. शिरपूरला जैन मंदिर पाहिलं. तिथली मूर्ती जमिनीला टेकत नाही असं सांगतात. डिकीत वाईन ठेवून देवळात जाताना माझेही पाय फारसे टेकत नव्हते.

गावात पोचलो तर दारातच शेजारचे नामदेवभाऊ उभे. "पोरगी आली वाट्टे! काय करते म्हने तिकडे?"

"तपासनीत हाये, द्राक्षाच्या कंपनीत," काका अभिमानाने म्हणाले. प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. मी तुरीकडे पाहिलं.

कमलकाकूंना, म्हणजे तिच्या आईला, सगळं ठाऊक होतं. बाटल्या त्यांच्या हवाली करताना मी माझं काउंटरवरचं ज्ञान पाजळलं, की पांढरी वाईन थंडच लागते. फ्रिज होता, पण लाइट सकाळपासून गेलेली. काकू म्हणाल्या, "त्याची फिकर कायले करतं व?"

दुसऱ्या दिवशी शेतात जेवण होतं. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा, ओल्या दाण्यांची वाटून केलेली झणझणीत भाजी आणि भाकर. प्रज्ञाने शेंगा सोलता सोलता सांगून टाकलं. वाईन बनवते, चार बनवल्या, नाव छापणार आहेत.

काकांनी हातातली शेंग खाली ठेवली. "दारूच ना शेवटी?"

"वाईन, बाबा."

"मी गावातल्या पोट्ट्यांले दारू सोडा म्हनतो, अन् माही पोरगी दारू पिऊन राह्यली?"

सुटका करावी म्हणून मी म्हटलं, काका, बाटल्या तरी बघा, लेबलावर तिचं नाव किती छान दिसतं. काकू लगबगीने विहिरीकडे गेल्या. उन्हाळ्यात हे लोक टरबुजं झोळीत बांधून विहिरीत सोडतात. काकूंनी रात्रीच चार बाटल्या तशाच सोडल्या होत्या. झोळी वर आली. बाटल्या गार होत्या आणि अगदी नागड्या. लेबलं विहिरीत विरघळली होती, प्रज्ञाच्या नावासकट.

काका हसले, पण ते हसू बरं नव्हतं. "आता कोनती कोनची हाये ते सांग. एका द्राक्षाच्या चार म्हने! साखर टाकता, सोडा मारता, अन् चार चिठ्ठ्या चिपकवता."

"सांगते," प्रज्ञा म्हणाली.

पंच मी. बुचांवर आतून कोणती वाईन त्याचा छाप असतो, म्हणून मी पाठमोरी होऊन बाटल्या उघडल्या आणि बुचं खिशात टाकली. फेसवालीचं बूच खिशात यायला तयार नव्हतं. ते धाडकन उडून गोठ्याच्या पत्र्यावर आदळलं आणि म्हैस उठून उभी राहिली.

"हे वळखाले तपासनी नाई लागत," काका म्हणाले.

उरल्या तीन. रंग दिसू नये म्हणून काकांनी स्टीलचे पेले घेतले. प्रज्ञाने पहिला हुंगला, घोट घेतला, तोंडात खळखळवला आणि लिंबाच्या आळ्यात थुंकून दिला. "ही पूर्ण पिकल्यावर तोडली, स्टीलच्या टाकीत ठेवली." दुसरा. थुंकली. "ही वेलीवर उशिरापर्यंत राहिली. गोडी द्राक्षाचीच, साखर नाही." तिसऱ्याला ती अडली. परत पहिला चाखला, परत तिसरा, परत थुंकली. "हे द्राक्ष पहिलीचंच, पण लाकडी पिंपात राहिलेलं. अन् फेसवाली सगळ्यांत आधी तोडतो, आंबट असतानाच. बुडबुडे बाटलीतच तयार होतात."

मी खिशातली बुचं काढून छाप पाहिले. तिची तिन्ही उत्तरं बरोबर होती. मला नाचावंसं वाटलं, पण काका बुचांकडे बघतच नव्हते. ते लिंबाच्या आळ्याकडे बघत होते.

"थुकून कायले देते?"

"कामच तसं आहे, बाबा. दिवसाला किती चाखावं लागतं. मी गिळत नाई."

"कधीच नाई?"

"कामावर नाई, घरीबी नाई. तुमच्यासंगं पाचवं शील मीबी घेतलं होतं ना विहारात."

काकांनी डोळ्यांवर उपरणं धरलं. इतका वेळ त्यांना द्राक्षाची नाही, पोरीची काळजी होती, हे मला तेव्हा कळलं. मी गिळते का, हे सुदैवाने कोणी विचारलं नाही.

काकूंनी भाकर वाढत विषय संपवला. "कायचं नवल करून राह्यले तुमी? हिरवी तूर उकडली त शेंगा, वाटली त भाजी, वाळली त वरन. कोनती साखर टाकतो आपन?"

मग काकांनी फेसवालीचाही पेला भरायला लावला आणि चारही पेले एकेक करून हुंगले. प्यायले नाहीत. गोडवाल्यापाशी मात्र बराच वेळ नाक ठेवून बसले.

निघताना नामदेवभाऊ पुन्हा दारात. काकांनी त्यांना विचारायची संधीच दिली नाही. "माही पोरगी वाईन बनवते. एका द्राक्षाच्या चार. अन् थुकून देते!" नामदेवभाऊंना यातलं काय समजलं देव जाणे, पण त्यांनी मान जोरात हलवली.

आता मी काउंटरवर पाहुण्यांना शेनिन समजावताना तुरीच्या शेंगा सांगते. मुंबईकर पाहुणे हसतात, विदर्भातले लगेच माना डोलावतात. वाशीमहून आणलेल्या शेंगा दोन दिवसांत संपल्या. लेबलांची छपाई मात्र अजून अडकलेलीच होती, कारण काकांनी स्पष्ट हो म्हटलंच नव्हतं आणि प्रज्ञाला विचारायचा धीर नव्हता.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. प्रज्ञाने तो स्पीकरवर टाकला.

"चारी बाटल्या धुऊन शोकेसमधी ठेवल्या. लोकं इचारून राह्यले कायच्या हायेत म्हनून. चिठ्ठ्या पाठव. अन् त्या छापनाऱ्याले सांग, तुह्या नावाचं अक्षर मोठं कर, अन् गोंद पक्का लाव."