अंगात देवी नव्हती

"जरा झूल के दिखा ना," भाभी म्हणाल्या.

भाभी म्हणजे आमच्या शेठची बायको. सोबत पाहुणी आलेली नणंद होती, तिला गंमत दाखवायची होती. मी गाळ्याच्या कोपऱ्यात जमिनीवर बसले होते. मांडीवर स्टीलच्या थाळ्यांची चळत. ती छातीशी घट्ट धरून, डोळे मिटून, मी पुढेमागे डोलत होते. आवाज आला नि अंग आखडलं. डोलणं थांबलं.

"अभी तो कर रही थी. थाली गोद में लेके बच्चा सुला रही थी."

नणंद हसली. मग पॅकिंगच्या सगळ्या बायका हसल्या. शेठाणी हसली की हसावं लागतं. मला मूल नाही हे त्यांना सगळ्यांना ठाऊक होतं. भाभींनी वरची थाळी काढून घेतली, पदराने पुसली. म्हणाल्या, "माल है ये. पागल लोगों का खिलौना नहीं."

हा हाटकेश औद्योगिक वसाहतीतला गाळा. दोन हजार पाच-सहा साल असेल. आत स्टीलच्या भांड्यांना पॉलिश व्हायचं. पुरुष बफिंगच्या मशीनवर, आम्ही बायका पॅकिंगला. काळी पूड पुसायची, स्टिकर लावायचा, पेपरात गुंडाळून खोक्यात भरायचं. शेठ बाहेरची कामं बघायचे, गाळ्यावर राज्य भाभींचं.

मी लहानपणापासून डोलते. रत्नागिरीला शाळेत बाकावर डोलायचे म्हणून गुरुजींनी वर्गाबाहेर काढलं होतं. आवाज इतरांच्या कानाला लागतो, माझ्या अंगाला लागतो. भांडं पडलं की दात शिवशिवतात. डोललं, काहीतरी जड आणि गार छातीशी धरलं, की जीव जागेवर येतो. ही युक्ती मला कोणी शिकवली नाही. माझ्या शरीरानेच शोधली. तिच्या जोरावर मी शाळा निभावली, लग्न निभावलं, गाळ्यातली वर्षंही निभावत होते.

चाळिशी उलटली आणि युक्ती पुरेना. पाळी महिनोन्महिने यायची नाही, आली की थांबायची नाही. बसल्या जागी छातीतून आग निघून डोक्यात जायची. झोप उडाली. मशीनचा जो आवाज मी इतकी वर्षं सोसला, तो एकाएकी सोसेना. दवाखान्यातली बाई म्हणाली, वय झालं. नवरा म्हणाला, सगळ्याच बायकांना होतं. मग सगळ्या बायका कानात कापसाचे बोळे घालून का बसत नाहीत? हे एकानेही विचारलं नाही. माझ्या मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी आहे, आणि पाळी जायच्या वयात अशा बाईचं सगळं उसळून वर येतं, हे फार उशिरा एका डॉक्टरणीने सांगितलं. गाळ्यात असताना मला एकच नाव मिळालं होतं. पागल.

मी भाभींना विनवलं होतं. "भाभी, मेरेको मशीन के बाजू से हटाओ ना. दरवाजे के पास बैठेगी मैं. पंखा थोडा इधर करो." एकदा नाही, कितीदा तरी.

"गर्मी सबको लगती है," त्या म्हणायच्या. "नखरे घर पे."

मग नवरात्र आलं. गाळ्यात घट बसायचे. संध्याकाळी मशीन बंद, स्पीकर चालू. आरतीला प्रत्येकाने थांबायचंच. त्या दिवशी झांजा कमी पडल्या म्हणून बायका पॅकिंगच्या थाळ्या चमच्यांनी बडवत होत्या. डोक्यावर ट्यूबलाइट, नाकात धूप, चहूकडून माणसं. छातीतून आग उठली. तेवढ्यात मांडीवरून ऊन ओघळ गेला. इतक्या दिवसांनी पाळी आली ती न सांगता. बाहेर पळायला गेले तर दार माणसांनी भरलेलं. मग होते तिथेच खाली बसले आणि डोलायला लागले. जोरात. केस सुटले. तोंडातून हुंकार निघत होता. तो माझाच होता. बाहेरचा आवाज बुडवायला काढत होते.

"माताजी!" कोणीतरी ओरडलं. "अंगात आलंय!"

स्पीकर बंद झाला. थाळ्या थांबल्या. सगळे मागे सरकले. मोठा पंखा उचलून माझ्यासमोर ठेवला. कोणी पाणी दिलं, कोणी ट्यूब विझवली.

आणि मी शांत होत गेले. होणारच ना! बाई म्हणून विनवण्या करून जे मिळालं नाही, ते देवी म्हणून न मागता मिळालं. आवाज बंद करणं यांना जमत होतं. पंखा हलवणं जमत होतं. पहिल्या दिवसापासून जमत होतं. हे लक्षात आलं आणि डोक्यात जी तिडीक गेली, ती अजून उतरलेली नाही.

भाभींनी माझे पाय धुतले. ते पाणी डोळ्यांना लावलं. पायांवर डोकं ठेवून म्हणाल्या, "माँ, मेरे बेटे का रिश्ता बार-बार टूटता है. कुछ बोलो माँ."

शेजारी सुमन होती. जवळच्या राईगावची, माझ्याबरोबर पॅकिंगला बसणारी. हसणाऱ्यांतलीच, पण वाईट नव्हे. ती कानाशी पुटपुटली, "बाय, न्हाय म्हणू नको. देवीच हाय म्हण. सुखानं काम करू देतील."

खरं होतं तिचं. काहीही बोलले असते तरी दाराजवळची जागा माझी होती. पंखा माझा होता. नुसती गप्प राहिले असते तरी चाललं असतं.

पण ती जागा देवीची असती. मी कुठे बसणार होते? आणि मुलाचं लग्न नाहीच जमलं तर देवीचा राग कुणावर निघणार होता?

"उठो भाभी," मी म्हणाले. "मैं देवी नहीं है. मेरेको आवाज सहन नहीं होता. अंग जलता है. मेरा एमसी चालू है, अभी, इधरच. कितनी बार बोली मैं तुमको? तब क्यों नहीं सुना?"

पाळीला आमच्याकडे एमसी म्हणतात, तेही दबक्या आवाजात. मी घटासमोर मोठ्याने म्हटलं. भाभी चटका बसल्यासारख्या मागे झाल्या. माझे पाय धुतलेले हात साडीला पुसत सुटल्या. "छी! माताजी के सामने! निकल!" कोणी अंगावर गोमूत्र शिंपडलं. डाग पडलेल्या साडीनिशी मी सगळ्यांमधून बाहेर आले. डाग झाकला नाही.

दुसऱ्या दिवशी सुमन निरोप घेऊन घरी आली. सगळ्यांसमोर देवीपुढे नाक घासायचं, माफी मागायची, मगच कामावर यायचं.

"घास की. तुजा काय जातंय?" ती म्हणाली.

"माफी कसली? रक्त आलं त्याची, की खरं बोलले त्याची?"

"येडी हाय तू," म्हणून ती निघून गेली. मी गेले नाही. काम सुटलं.

पुढे जिथे जिथे काम मागायला गेले, तिथे आधीच सांगितलं. मला आवाज सोसत नाही. मी डोलते. अंग तापलं की उठून बाहेर जाते. बहुतेकांनी दारातूनच परत पाठवलं. घर कसंबसं चाललं. नवरा चिडला, म्हणाला, आधी काम धर, मग सांग. मी ऐकलं नाही. ऐकणारही नाही.

माझ्या पाया कोणी पडू नका. मला कोणी हसू नका. मशीन लांब न्या, नाहीतर मला लांब बसवा. हे मी आता मागत नाही, बजावतेय.