भिंतीवरच्या याद्या आणि नवा तांदूळ

ऐका हो ऐका! आजपासून या घरात तांदळाला प्रवेशबंदी करण्यात येत आहे.

ही घोषणा मीच केली होती, ओसरीवर खुर्चीवर उभं राहून, हातात कागद धरून. दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट. वडिलांना साखर निघाली होती. मुळशीच्या खोऱ्यात जन्मभर आंबेमोहर पिकवलेला माणूस माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याच्या बैलांची कोकणात बदली केली होती.

मी तेव्हा हिंजवडीतल्या एका कंपनीत कामाला. तिथे दर टेबलाला एक वैद्य. एक म्हणे तूप म्हणजे विष, शेजारचा म्हणे अमृत. कुणी दर दोन तासांनी खायला सांगे, कुणी दिवस मावळला की तोंड शिवायला. मी सगळं टिपून घरी आणायचो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर यादी चिकटली, तिच्याखाली दुसरी, मग तिसरी. आई चौथी शिकलेली. यादीतलं अक्षरसुद्धा सोडायची नाही. तूप गेलं, गूळ गेला, खोबरं गेलं. शेवटी मीठ गेलं.

वडील सगळं मुकाट गिळत होते. हेच विचित्र होतं. आमच्या घरात ताटावर टीका करायचा मान त्यांचा; आमटीत चिमूटभर हिंग कमी पडला तरी ते ओसरीपर्यंत ऐकू जायचं. आता ताट पुढं आलं की ते आधी माझ्याकडे बघत.

"हे चालंल का रं?"

एकदा परड्यात आई मला हळूच म्हणाली, "साखर उतरली, पर मानूसबी उतरलं रं."

त्या दिवसांत आंबेमोहर फुलोऱ्यावर होता. पहाटे धरणाकडून धुकं यायचं आणि खाचरांवर पसरायचं. त्यात तो वास. ऐन पावसाळा सरताना कुठूनतरी आंब्याला मोहर यावा तसा. वडील बांधावर डोळे मिटून उभे असायचे. वासाला पथ्य नव्हतं. मला लांबून वाटायचं, धुक्यात माणूस नाहीच, नुसता पांढरा सदरा तरंगतोय. जरा वारा आला तर तोही जाईल. मी खुर्चीवर चढून काय करून बसलो होतो, हे मला तिथे कळलं.

भिंतीवरच्या सगळ्या याद्यांची नक्कल घेऊन वडिलांना पौडच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी दोनच पानं वाचली आणि चष्मा काढून हसल्या.

"आबा, वाटीभर भात खायचा. निम्मं ताट भाजीचं, जोडीला उसळ. गोळी चुकवायची नाही, तपासायला यायचं." मग माझ्याकडे वळून, "आणि तुमचं वाचन जरा बंद ठेवा."

घरी येऊन मी आईला वाटीभर भाताचं सांगितलं. भिंतीवरच्या याद्या काढायच्या मात्र विसरलो. हीच ती ऐतिहासिक चूक.

कापणी झाली आणि झोडणीला आमच्याकडे इर्जिक ठरलं. इर्जिक म्हणजे अख्ख्या आळीनं फुकट राबायचं आणि धन्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. रिवाज असा, की पंगत एक आणि हंडाही एकच. वडिलांसाठी वेगळं शिजवलं तर पाहुण्यांचा अपमान. म्हणून आईनं अठरा माणसांचा स्वयंपाक भिंतीकडे बघून केला.

दुपारी खळ्यात पंगत बसली. उन्हात तूस सोन्यासारखं उडत होतं. नव्या तांदळाचा वाफाळता भात, वर वाटाण्याची आमटी. माणसं जेवू लागली आणि हळूहळू सगळं गप्प झालं. माझे चुलते दर घासामागे तांब्या तोंडाला लावत होते. शेजारचा गडी ताटात बघून नुसता चघळत होता. आजाऱ्याचं घर, बोलणार कोण?

वडिलांपुढे मोजून वाटीभर. त्यांनी घास उचलला, नाकाशी धरला, कितीतरी वेळ धरला. मग सवयीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. घास तोंडात गेला, डोळे मिटले. मला वाटलं, आता हा सदरा तरंगत वर जाणार.

डोळे उघडले. त्यांनी पंगतीवरून नजर फिरवली, आमटीत बोट बुडवून चाटलं आणि चुलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात गरजले,

"सकाळपास्नं राबत्यात ही मानसं, अन् तू त्यास्नी दवाखाना वाढलास व्हय गं? मीठ आन आधी!"