बाईंच्या प्लेटलेट

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा. माझ्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. शाळेतल्या एकुलत्या एक सूक्ष्मदर्शकाखाली बाईंनी स्वतःच्या बोटाला सुई टोचून थेंब ठेवला आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी दाखवल्या. आज मी अमेरिकेत ॲन आर्बरला आजारी यकृतातल्या अशाच पेशींवर पीएच.डी. करतो.

बाईंचा मुलगाही इकडेच, हर्नडनला आयटीत आहे. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत त्याच्याकडे गेलो होतो, त्याचे मित्रही जमले होते. जेवताना त्याच्या फोनवर बाईंचा रिपोर्ट आला. प्लेटलेट पुन्हा कमी, सोनोग्राफीत प्लीहा वाढलेली.

"डेंग्यूच आहे यार," तो म्हणाला. "पपईच्या पानांच्या कॅप्सूल ऑर्डर केल्यात. ऑरगॅनिक."

"ताप आहे का त्यांना?"

"नाही. पण आपल्याकडे प्लेटलेट गेल्या म्हणजे डेंग्यूच की."

"दादा, बाईंना किती वर्षांचा मधुमेह आहे. लिव्हर तपासायला हवं."

"लिव्हर? माझी आई?" हातातला बर्बन व्हिस्कीचा ग्लास त्याने खाली ठेवला. "अरे, ती चहासुद्धा मोजून पिते."

त्याचा एक मित्र म्हणाला, "याचं मनावर घेऊ नकोस. हा उंदरांचा डॉक्टर आहे." सगळे हसले आणि पुन्हा ग्लास भरले गेले.

मी तरीही सांगत राहिलो. दारूला न शिवताही यकृतात चरबी साठते. मग तिथल्या राखणदार पेशी चिडतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात, आणि आलेल्या पेशी परत जायचं नाव घेत नाहीत. दुरुस्तीच्या नावाखाली व्रणावर व्रण चढतो. अशा निबर यकृतातून रक्त सरकेनासं झालं की ते मागे तुंबतं, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट आत अडकवून ठेवते. पपईने त्या सुटत नाहीत.

निघताना मुलगा मला दारापर्यंत सोडायला आला. हळू आवाजात म्हणाला, "तिकडे लिव्हर म्हटलं की लोक काय समजतात, माहितीय ना तुला?"

म्हणजे त्याला कळलं होतं. आईसाठी त्याला चारचौघांत सांगता येईल असा आजार हवा होता. घराचं छप्पर गळलं तेव्हा याने चार कंत्राटदार बोलावले होते. आईचं भागवायला त्याला एक व्हॉट्सॲप फॉरवर्ड आणि एक कुरिअर पुरेसं होतं. इतक्या हुशार माणसाची इतकी स्वस्त लाज मी पाहिली नव्हती.

परतीच्या विमानात मी लिहिलं आणि उतरल्यावर पाठवलं:

"आदरणीय बाई, सा. नमस्कार. मी वैद्यकीय डॉक्टर नाही, पण तुमचा रिपोर्ट डेंग्यूचा वाटत नाही. जिल्ह्याच्या गावी यकृताच्या डॉक्टरांना दाखवा आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात का हे दुर्बिणीने तपासायचं का, ते विचारा. रक्ताची उलटी झाली किंवा शौचाला काळं झालं तर अजिबात थांबू नका, थेट दवाखान्यात जा. कॅप्सूलचं पार्सल येईल, ते फोडू नका. दादांना हे समोर सांगितलं होतं. त्यांनी हसण्यावारी नेलं म्हणून तुम्हाला थेट लिहितो. तुम्ही कधी प्यायला नाहीत, हे कुणालाही पटवून देत बसू नका. माझा भाऊ मंगळवारी सकाळी गाडी घेऊन दारात येईल. तपासणीसाठी रिकाम्या पोटी निघा, मधुमेहाची गोळी खाल्ल्यावरच घ्या. तुमचा विद्यार्थी."