निवडलेला जवळा

सुक्या जवळ्याचं पाकीट फोडलं की त्या खारट, मासळीच्या वासासरशी मला कोपर गावातलं आमचं जुनं अंगण दिसतं. तेव्हा खाडीच्या बांधावरून मुंगूस यायचं, म्हणून आय कोंबड्यांना फाटक्या जाळ्याच्या कुंपणात कोंडून ठेवायची. पण नुसतं कोंडायची नाही. पेंढ्यात जवळ्याचा चुरा मिसळून टाकायची, माठाची जुडी उंच टांगायची. कोंबड्या दिवसभर उकरत, उड्या मारत राहायच्या.

"काम नाय दिला तं एकमेकींची पिसा उपटतील," ती म्हणायची.

एका पावसाळ्यात माझा दादा खाडीत बुडाला. पारूवहिनी चुलीशेजारी बसली ती बसलीच. जेवेना, बोलेना, नखांनी स्वतःचेच हात ओरबाडायची.

एका सकाळी आयनं निवडून ठेवलेला जवळा सुपात ओतला, त्यात मूठभर पेंढा चुरून कालवला आणि सूप वहिनीपुढे आदळलं.

"पारू, निवर गो हा."

मला आयचा भयंकर राग आला. घरात एवढं दुःख, आणि हिला कामं सुचतायत! वहिनी बराच वेळ सुपाकडे नुसती बघत राहिली. मग तिनं एक काडी उचलली, बाजूला ठेवली. दुसरी उचलली. आय अंगणात गेली आणि कोंबड्यांच्या जाळ्याला धरून, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

यंदा आमचे हे गेले. मुलं लांब असतात. हल्ली पाकिटातला जवळा निवडलेलाच येतो. तरी मी तो ताटात ओतते, आणि एखादी काडी सापडेल म्हणून बोटं फिरवत बसते.