नाल्यापुढचा चढ

जगदेव इंगळेच्या डाव्या पायाचा घोटा वळत नाही. काही वर्षांपूर्वी विहिरीतून पंपाचा लोखंडी पाईप वर ओढताना दोर सुटला आणि पाईप पायावर आला. अकोल्याच्या दवाखान्यात पाय वाचला, पण घोटा कायमचा आखडला. चालताना तो थोडा लंगडतो, त्याचं त्याला फारसं काही वाटत नाही. क्लच दाबता येईना, याचं मात्र वाटलं.

शेलूबाजारजवळच्या एका खेड्यात त्याचा भाजीचा मळा आहे. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी, थोडे कांदे. पण गावात त्याची ओळख भाजी पिकवणारा यापेक्षा माल पोचवणारा अशीच होती. मिसरूड फुटल्यापासून तो आपला आणि शेजारच्या मळ्यांचा माल वाशीमच्या भाजीबाजारात नेत आला होता. पाय अधू झाल्यावर तो दुसऱ्याच्या गाडीत माल टाकायचा आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसून जायचा. वळण आलं की त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा, नसलेला.

मग नागपूरला एक जुना छोटा ट्रक मिळाला. त्याला क्लचचं पायडल नव्हतं. गियर गाडी आपली आपणच बदलायची. जगदेवने लायसन्सवर तशी नोंद करून घेतली आणि पुन्हा स्टिअरिंगवर बसला. त्याची बायको विजयमाला सांगते, पहिला आठवडाभर तो ट्रक रोज धूत होता, मळलेला नसला तरी.

वर्ष-दीड वर्ष ट्रक बिनतक्रार चालला. होळीनंतर खोड सुरू झाली. वाशीमच्या वाटेवर एक नाला लागतो. रस्ता पुलापर्यंत उतरतो आणि पूल संपला की लगेच चढतो. त्या चढावर एके सकाळी इंजिन ओरडायला लागलं. गियर वर जाईना, खालीही येईना. समोर पिवळा दिवा लागला. जगदेवने गाडी कडेला घेऊन बंद केली. जरा वेळाने सुरू केली तर काहीच झालं नसल्यासारखी चालली. पुढे कितीतरी फेऱ्या नीट गेल्या. मग पुन्हा तेच. कधी त्याच चढावर, कधी थोडं पुढे.

हमरस्त्यावर रामधन मिस्त्रीचं गॅरेज आहे. रामधन आणि जगदेव शाळेत एका बाकावरचे. रामधनने ट्रक नेला, शेलूबाजारभर फिरवला, चढावर नेला, उतारावर नेला. ट्रकने एकदाही चूक केली नाही.

"माह्यापुढं तं शहान्यासारखी चालते," रामधन म्हणाला.

"मंग मी खोटं बोलून राह्यलो काय?"

"असं कुठं म्हनलं मी? पन बिघाड दिसल्याशिवाय हात कुठं घालू?"

तरी त्याने बॅटरी तपासली, अर्थिंगची गंजलेली तार बदलली, गियरबॉक्सचं तेल पाहिलं. फरक पडला नाही. शेवटी त्यानेच अकोल्याच्या एका ओळखीच्या कारागिराला स्कॅनर घेऊन बोलावलं. गाडीच्या मेमरीत दिसलं की गियरबॉक्सवरच्या एका सेन्सरचा सिग्नल मधूनच तुटतो. कशाने तुटतो, ते यंत्र सांगत नव्हतं. त्यांनी सेन्सर नवा बसवला. सगळ्यांना वाटलं, सुटलो.

नव्या सेन्सरवर काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी, त्याच चढावर, गियर सुटून गाडी न्यूट्रलला गेली आणि ट्रक मागे सरकू लागला. मागे मोटरसायकलवर एक माणूस आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन येत होता. जगदेवने ब्रेकवर सगळा भार टाकला, हँडब्रेक ओढला. ट्रक थांबला, पण मोटरसायकलवाल्याने घाबरून गाडी कडेला घातली होती आणि ती कलंडली. म्हातारीचं कोपर खरचटलं. जगदेव लंगडत धावला. तिने शिव्या दिल्या नाहीत. "पाहून चालवा ना बाप्पा," एवढंच म्हणाली आणि पदराने कोपर पुसू लागली. दुसऱ्या दिवशी तो तिच्या गावी जाऊन तिला पाहून आला.

विजयमालाने सगळं ऐकून घेतलं.

"सापडत नाई तवरोक ट्रकले हात लावाचा नाई," ती म्हणाली.

"आन् माल?"

"जाईन दुसऱ्याच्या गाडीत. पह्यले जात नव्हता काय?"

ट्रक अंगणात उभा राहिला. जगदेव समोरच्या बाजेवर बसून त्याच्याकडे पाहत राही. त्याची खात्री होती की दोष वजनाचा आहे. रामधनने चालवला तेव्हा ट्रक रिकामा होता. भरलेल्या ट्रकला चढावर जोर पडतो, तेव्हाच काहीतरी ढिलं होत असणार. त्याने रामधनला बोलावलं. दोघांनी कांद्याचे कट्टे हौद्यात काठोकाठ भरले आणि रामधनने ट्रक नाल्यावरून नेला, आणला, पुन्हा नेला. दुपार होईपर्यंत हेच चाललं. पिवळा दिवा लागला नाही.

संध्याकाळी विजयमाला मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. हात न थांबवता तिने विचारलं, "ते म्हातारी पडली, त्या दिवशी काय भरलं होतं गाडीत?"

"पालक. थोडी मेथी."

"त्याच्या आंधी झालं तवा?"

जगदेवला आठवावं लागलं. "सांबार होता. रामधनच्या शेजाऱ्याचा."

"कांदे नेले, वांगी नेली, तवा कधी झालं?"

त्याने एकेक फेरी आठवून पाहिली. एकदाही झालं नव्हतं.

"पालेभाजीचं वजन तं काहीच नसते," तो म्हणाला.

"वजन नसते. पानी असते."

पालेभाजी ती टाक्यात धुऊन निथळतीच गाडीत भरायची. ऊन वाढल्यापासून वर ओलं बारदान टाकायची, आणि निघताना त्यावर आणखी दोन बादल्या ओतायची. वाशीमपर्यंत हौदा ठिबकत राहायचा. रामधनने ट्रक नेहमी कोरडाच चालवला होता, रिकामा असो की कांद्याने भरलेला.

दुसऱ्या दिवशी रामधन अंगणात ट्रकखाली उताणा झोपला. जगदेव इंजिन सुरू करून स्टिअरिंगवर बसला. विजयमालाने हौद्यात बादलीवर बादली ओतली. पाणी मागच्या फाळक्याखालून वाहून गेलं. दिवा लागला नाही.

"माही आंघोळ झाली फक्त," खालून रामधन ओरडला.

विजयमाला बादली ठेवून घरात गेली. रामधन बाहेर येऊन डोकं पुसू लागला. जगदेव मात्र खाली उतरला नाही. हात स्टिअरिंगवर ठेवून तो मनातल्या मनात नाल्यापर्यंत गेला. गाडी चढावर बिघडते म्हणून सगळे चढाकडेच पाहत होते. पण चढाच्या आधी उतार येतो. उतारावर तो ब्रेक दाबतो. तेव्हा हौद्यातलं पाणी मागे जात नाही, पुढे येतं.

"रामधन," त्याने हाक मारली, "ट्रक तोंडाकडून उतरता लावून पाहू."

मळ्याकडे जाणाऱ्या वाटेला चांगला उतार आहे. तिथे ट्रक उभा केला, चाकांपुढे दगड लावले. जगदेवने हँडब्रेक ओढला, इंजिन चालूच ठेवलं. रामधन कुरकुरत पुन्हा खाली शिरला. विजयमालाला पुन्हा बोलावलं, तिने हौद्यात बादली ओतली.

पाणी हौद्याच्या पुढच्या टोकाशी साचलं. तिथे पत्र्याला दोन भोकं होती. आधीच्या मालकाने कसली तरी टाकी बसवण्यासाठी पाडलेली. त्यातून धार थेट गियरबॉक्सवर पडली, आणि तिथून सेन्सरच्या वायरी जिथे जोडल्या होत्या त्या कपलरवर.

"थांब, थांब! कपलरचं रबर फाटलं हाय. पानी आत चाललं," रामधन म्हणाला.

"दिवा लागला!" जगदेव ओरडला. त्याचा आवाज विजयमालाने इतका मोठा कधी ऐकला नव्हता.

रामधनने कपलर उघडून हातावर धरला. आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या. सेन्सर बदलताना कपलरचा सेन्सरच्या बाजूचा अर्धा भाग नवा आला होता. गाडीच्या वायरिंगकडचा अर्धा जुनाच राहिला होता. "तवाच उघडून नीट पाह्याले पाह्यजे होतं मीनं," तो स्वतःशीच म्हणाला.

विजयमाला भोकांकडे पाहत होती. "इथी रबराची चादर होती," ती म्हणाली. "वास मारत होती म्हून होळीच्या आंधी म्याच काढली. गोठ्यात टाकली हाय, गाईखाली."

जगदेवने तिच्याकडे पाहिलं आणि तो हसला. मग रामधनही हसला. ती हसली नाही. बादली उचलून टाक्याकडे गेली.

नवा कपलर बसला. भोकांवर पत्र्याचे तुकडे रिव्हेट करून बंद केले. ओला पालक भरून रामधनने तीन-चार फेऱ्या मारल्या, ट्रक कुठेही अडखळला नाही.

पण जगदेव अडखळला. पहिल्याच फेरीला तो पुलावर थांबला, आरशात पाहिलं, मागे एक ऑटो होता. त्याने हात बाहेर काढून ऑटोला पुढे जायला सांगितलं. मग एक जीप आली, तिलाही जाऊ दिलं. रस्ता पूर्ण रिकामा झाल्यावरच तो चढाला लागला. दर फेरीला असंच होऊ लागलं. शेजारी बसलेल्या विजयमालाने एक दिवस विचारलं, "गाडी दुरुस्त झाली ना?"

"झाली."

"मंग?"

"मांगं कोनी नसलं पाह्यजे."

घरी आल्यावर ती म्हणाली, "मले शिकवा. क्लच तं नाईच हाय."

कापणी झालेल्या वावरात ती शिकली. सुरुवातीला बांधाला एकदा धडकली, बांधाचंच नुकसान झालं. पुढे रीतसर लायसन्स काढलं आणि वाशीमची फेरी ती मारू लागली. जगदेव शेजारी बसायचा. कोणी विचारलं तर पाय दुखतो म्हणायचा. त्या ट्रकला डाव्या पायाचं काही कामच नाही, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असायचं.

दसऱ्यानंतर त्यांची लेक योगिनी बाळंत झाली आणि विजयमाला मानोऱ्याला तिच्याकडे गेली. मळ्यात सांबार काढणीला आला होता, शेजाऱ्यांचाही होता. जगदेव एक दिवस थांबला, दुसऱ्या दिवशी सकाळी माल भरून एकटाच निघाला. पुलावर त्याने सवयीने गाडी थांबवली. आरशात शाळेच्या मुलांची गाडी दिसली. त्याने हात बाहेर काढला, पण तो ड्रायव्हर पुढे जाईना. ऑटो-जीप निघून जायच्या, पण या मोठ्या गाडीला अरुंद पुलावर ओलांडायला जागा नव्हती. त्या ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. जगदेवने हात आत घेतला, ब्रेक सोडला आणि ॲक्सिलरेटर दाबला. ट्रक चढू लागला. अर्ध्यावर गियर बदलला, वर पोचताना पुन्हा बदलला. शाळेची गाडी त्याला ओलांडून निघून गेली.

वाशीमला माल उतरवल्यावर त्याने विजयमालाला फोन केला. नातीचं वजन किती वाढलं ते विचारलं, सांबाराला काय भाव मिळाला ते सांगितलं. नाल्याबद्दल तो बोलला नाही, आणि तिनेही विचारलं नाही. ती परत आल्यापासून दोघे आळीपाळीने ट्रक चालवतात.