आरोळ्या शेवटी

उद्या सकाळी माझी मुलगी पुन्हा माइकसमोर उभी राहील आणि सगळ्यात अवघड तेच आधी करायला घेईल, ही धास्ती काही केल्या डोक्यातून जात नाही. दिवे मालवून झाले, दाराची कडी दोनदा बघून झाली, तिचे बाबा घोरायलाही लागले. मी मात्र स्वयंपाकघरातल्या टेबलाशी हे लिहीत बसले आहे.

घरात आम्ही तिला भोंगा म्हणतो. जन्मली त्याच दिवशी नर्सने तिचा पाळणा दाराशी सरकवला होता, बाकीच्या बायकांना झोप मिळावी म्हणून. शाळेच्या नाटकात तिला कधी माइक दिला नाही. तरी मागच्या रांगेतले लोक कानांवर हात ठेवत. अशा मुलीने पोट भरायला आवाजच विकावा, यात नवल नाही. ती डबिंग करते. बाहेरून आलेल्या कार्टूनमधली पात्रं आपल्या भाषेत बोलतात, त्यांतली काही तिच्या गळ्यातून बोलतात. माझ्या नणंदेला हे अजून पटलेलं नाही. "एवढं शिकवलंत," ती म्हणते, "आणि पोरगी कुठे दिसतसुद्धा नाही?"

दिसत नाही, पण ऐकू येते. चार पोरांची एक टोळी आहे, सगळी चौदा-पंधरा वर्षांची, प्रत्येकाच्या अंगात काही ना काही शक्ती. त्यांतला ठिणगी नावाचा मुलगा बोटांतून वीज सोडतो, आणि सोडताना जीव खाऊन ओरडतो. तो ठिणगी म्हणजे आमचा भोंगा. आमच्या मजल्यावरची लहान मुलं जिन्यात ठिणगी-ठिणगी खेळतात, तेव्हा मी भाजी चिरता चिरता थांबते. त्यांना ठाऊक नसतं की ती माझ्या मुलीसारखं ओरडताहेत.

एकदा तिच्यासोबत स्टुडिओत गेले होते. स्टुडिओ म्हणजे मला काहीतरी भव्य वाटलं होतं. निघाली बाथरूमएवढी खोली, भिंतींवर काळा फोम, एक माइक, कागद ठेवायचा स्टँड आणि समोर लहानसा पडदा. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट आणि डबिंगची दिग्दर्शिका. त्यांना सगळे ताई म्हणतात. ताई बोलतात कमी, पण एका गोष्टीवर ठाम असतात. आधी साधी वाक्यं, मग रडणं-हसणं, आणि मारामारीतल्या आरोळ्या, किंकाळ्या, धडपडणं हे सगळं अगदी शेवटी. कारण एकदा जीव तोडून ओरडलं की त्या दिवशी गळ्याला दुसरं काही जमत नाही. त्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत असतं. माझ्या मुलीलाही माहीत होतं.

पण तिचा स्वभाव उलटा. लहानपणी ताटातलं नावडतं आधी संपवायची. अभ्यासात गणित आधी. इंजेक्शन असलं तर रांगेत पहिली. "एकदाचं उरकलं की सुटलो," हे तिचं आवडतं वाक्य. मला या गुणाचं कौतुकच होतं.

गेल्या महिन्यात या मालिकेचा सगळ्यात अवघड भाग आला. त्यात एक चेटकीण आणि तिचा भाऊ, दोघं जादूचा कंदील घेऊन शहरात शिरतात. कंदिलाचा उजेड ज्याच्यावर पडेल तो म्हातारा होतो. चारही पोरं लढायला धावतात, पडतात, उठतात, पुन्हा धावतात. म्हणजे ठिणगीला पानंच्या पानं ओरडणं. त्या दिवशी ताई रस्त्यात गर्दीत अडकल्या, आणि रेकॉर्डिस्ट नवीन होता. माझी लेक त्याला म्हणाली, "ताई येईपर्यंत आरोळ्या उरकून टाकू. मग निवांत बोलू."

त्याला वाटलं, हिला अनुभव आहे, हिला कळत असेल.

ताई पोचल्या तेव्हा ती काचेआड उभी होती, तोंड उघडत होती आणि आवाज येत नव्हता. जो येत होता तो दाराच्या गंजलेल्या बिजागरीसारखा. तरी पोरगी हसत होती. "ताई, पुढच्या प्रसंगात तो म्हाताराच होतो ना? घ्या करून. फुकटात म्हातारा मिळालाय."

ताईंनी हात लांब करून माइक बंद केला. "पर्स उचल," म्हणाल्या, "आपण डॉक्टरकडे जातोय."

डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरतंतू सुजले होते, एका बाजूला बारीक गाठ धरायला लागली होती. पूर्ण मौन, दोन आठवडे. कुजबुजसुद्धा नाही, कुजबुजण्याने गळ्याला बोलण्याहून जास्त त्रास होतो म्हणे. आणि मालिका लांबवता येत नव्हती, तारीख ठरलेली. ताईंनी स्वच्छ सांगितलं, "मी अगदी शेवटच्या दिवसापर्यंत थांबते. त्या दिवशी आवाज आला तर ठिणगी तुझा. नाही आला तर दुसरी मुलगी बघावी लागेल, आणि एकदा आवाज बदलला की पुढे तोच चालतो."

तो शेवटचा दिवस उद्या आहे.

मौनाच्या पहिल्या आठवड्यात मी तिच्याकडे जाऊन राहिले. एका खोलीचं घर, खिडकीत कपडे वाळत, गादीखाली हेडफोन. आजवर जिला गप्प करायला मी किती धडपडले, ती गप्प झाली तर मला घर खायला उठलं. दुसऱ्या दिवशी तिने एक स्टीलची वाटी आणि चमचा पुढ्यात घेतला. एकदा वाजवलं म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. कागदावर लिहिण्यापेक्षा हे बरं, असं तिने कागदावर लिहून सांगितलं.

"पाणी देऊ?"

टण.

"नोकरी बघतेस का दुसरी, बसून करायची?"

टण टण.

"नुसती चौकशी केली गं."

टण टण, टण टण, टण टण. तिच्या बाबांशी मी फोनवर बोलत होते तेव्हाही ती मागून वाजवत होती. "काय चाललंय तिकडे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तुमची लेक भांडतेय." ते म्हणाले, "मग ठीक आहे तिची तब्येत."

एका दुपारी तिने लॅपटॉपवर तोच भाग लावला. चेटकिणीचं, तिच्या भावाचं, बाकीच्या पोरांचं बोलणं झालेलं होतं. फक्त ठिणगीच्या वेळी शांतता, त्या दिवशीच्या फाटक्या आरोळ्या ताईंनी टाकून दिल्या होत्या. तो तोंड उघडायचा आणि काहीच यायचं नाही. तिने संवादाचे कागद माझ्या हातात दिले आणि बोट दाखवलं. वाच.

मी वाचलं. "'माझ्या विजेपुढे तुझी जादू टिकणार नाही, चेटकिणी.'" विजेचं बिल वाचावं तसं. शिवाय मी वाक्य संपवेपर्यंत पडद्यावरच्या ठिणगीला चेटकिणीने भिंतीवर आदळलं होतं. भोंग्याने उशी तोंडावर दाबून घेतली, खांदे गदागदा हलत होते. मी ओरडले, "हसू नकोस, गळा!" त्यावर ती आणखीच लोळली.

पण पुढचा प्रसंग आम्ही नीट पाहिला. कंदिलाचा उजेड ठिणगीवर पडतो, त्याचे केस पांढरे होतात, पाठ वाकते. बोटांतून वीज निघेना. तो धावायला जातो आणि त्याच्या लक्षात येतं की या उजेडात जितकं धावावं तितकं वय वाढतं. म्हणून तो बसतो. भर चौकात, मांडी घालून. चेटकीण डिवचते, तिचा भाऊ हसतो, बाकीची तीन पोरं आडोशाला श्वास रोखून उभी. हा हलत नाही. कंदिलातलं तेल संपेपर्यंत बसून राहतो. ज्योत फडफडते, विझते, आणि मग तो उठतो. त्यानंतर त्याला एकच आरोळी आहे, त्या भागातली शेवटची आणि सगळ्यात मोठी.

मी सहज म्हटलं, "हा बसला म्हणून वाचला की."

तिने चमचा उचलला, माझ्याकडे पाहिलं. मग एकदा, हळूच. टण.

मी परत आले. परवा डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली. सूज उतरली आहे, गाठ विरघळल्यात जमा. त्यांनी तिला "आ" म्हणायला लावलं आणि आवाज आला. तिनेच मेसेज पाठवून कळवलं: "आला. लहान आहे, पण माझाच आहे." मी तो मेसेज इतक्यांदा वाचला की बाबा म्हणाले, "फ्रेम करून आणू का?" मी अजून तो आवाज ऐकलेला नाही. उद्यापर्यंत बोलायचं नाही, सगळं माइकसाठी राखून ठेवायचं, असं तिचं ठरलं आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

काळजी आहे ती त्या शेवटच्या आरोळीची. ताई उद्या वेळेवर येतील, नवा रेकॉर्डिस्टही आता शहाणा झाला असेल. पण या मुलीला मी ओळखते. छातीत धडधडत असलं की ती अवघड घासच आधी उचलते, एकदाचं उरकावं म्हणून. संध्याकाळी मी मेसेज केला होता, "आरोळ्या शेवटी हं." तिचं उत्तर आलं, अंगठा. असला अंगठा तर ती मला स्वेटर घाल म्हटल्यावरही पाठवते, आणि स्वेटर कपाटात असतो.

आत्ता पाहिलं, ती ऑनलाइन दिसते आहे. एवढ्या रात्री, एकटी, गप्प, आणि जागी. म्हणजे तिलाही उद्याचंच दिसत असणार. सकाळपर्यंत थांबावं असं वाटत होतं, पण सकाळी ती घाईत असेल आणि हो-हो करून निघेल.

लावतेच फोन. तिने तोंड उघडायचं नाही, बोलायचं मी. ठिणगी भिंतीवर आपटला तरी माझं एक वाक्य कसं संपत नव्हतं ते सांगेन, थोडी हसली तर हसू दे. मग विचारेन, आधी साधी वाक्यं ना? मधे रडणं-हसणं? आणि आरोळी? वाटी तिच्या उशाशीच असते, मीच ठेवून आले होते. प्रत्येकाला एकेक टण ऐकल्याशिवाय मी फोन ठेवणार नाही.